आखाजी नसताना काढलेले पत्ते

पहिल्यांदा मी टॅरोचे, म्हणजे लोक भविष्य सांगायला वापरतात ते चित्रांचे, पत्ते जेवणाच्या टेबलावर मांडले तेव्हा माय पलंगावरून मान उचलून म्हणाली, "हाई काय शे व? आखाजी ते आखो दूर शे."

तिचा प्रश्न रास्त होता. आमच्या खानदेशात अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला, पत्ते निघतात. माहेरवाशिणी झोक्यावर गाणी म्हणतात आणि पुरुष मंडळी सावली बघून डाव मांडतात. एरवी घरात पत्ते दिसले की मोठ्यांच्या कपाळाला आठ्या. हे पत्ते माझ्या भाचीचे. पुण्याहून आली, चार दिवस राहिली, जाताना विसरून गेली. फोन केला तर म्हणाली, "मावशी, तूच ठेव, मी दुसरे मागवले."

मी जळगावला एका डाळ मिलमध्ये हिशेब लिहिते. एकोणीस वर्षं झाली. आता सगळं टॅलीवर आहे, पण सुरुवातीला हाताने रोजमेळ लिहायचे आणि रात्री शिल्लक जुळल्याशिवाय उठायचं नाही, असं ते काम. तेव्हा माझ्याकडून फार गूढ काही निघेल अशी आशा ठेवू नका. माझं म्हणणं एवढंच, की पत्त्याला काही माहीत नसतं. दिराला पैसे उसने द्यावेत की नाही हे छापील पुठ्ठ्याला कुठून कळणार? पण त्या पुठ्ठ्यावरचं चित्र बघताना मला जे सुचतं ते माझ्याच आतलं असतं, आणि लिहून ठेवलं तर महिन्याने त्याचा ताळा करता येतो. दोन वर्षं मी हेच करतेय. भविष्यच ऐकायचं असेल तर शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळची घटमांडणी आहे, तीही आखाजीलाच. पाऊसपाणी, पिकं, राजाची गादी, सगळं सांगतात. माझ्याकडे त्यातलं काहीच नाही.

कुठला कॅट घ्यायचा

टॅरोच्या कॅटात ७८ पत्ते असतात. २२ मोठे, त्यांना मेजर आर्काना म्हणतात, आणि ५६ छोटे. छोटे तसे आपल्या ओळखीचेच. चार रंग: कप, तलवारी, काठ्या, नाणी. ढोबळमानाने कप म्हणजे आपले बदाम, तलवारी म्हणजे इस्पिक, काठ्या म्हणजे किलवर आणि नाणी म्हणजे चौकट. कपांकडे मनातली माया आणि दुखणी, तलवारींकडे विचार आणि भांडणं, काठ्यांकडे कामाचा जोर, नाण्यांकडे पैसा आणि शरीर, एवढं लक्षात ठेवलं तरी सुरुवातीला पुरतं. प्रत्येक रंगात एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा, आणि वर चार चित्रं: गुलाम, घोडेस्वार, राणी, राजा. आपल्या ५२ च्या कॅटात घोडेस्वार नसतो, म्हणून तिकडे चार जास्त. हे चार घोडेस्वार ध्यानात ठेवा, शेवटी लागतील.

नवख्या माणसाने 'रायडर-वेट' छापाचाच कॅट घ्यावा. १९०९ साली लंडनमध्ये निघाला. त्याच्याआधीच्या बहुतेक कॅटांत पाच कपांचा पत्ता म्हणजे नुसते पाच कप रंगवलेले असत. त्यात बघायचं काय? या कॅटात जवळजवळ प्रत्येक छोट्या पत्त्यावरही माणसं आहेत, काहीतरी चाललेलं आहे. रायडर हे प्रकाशकाचं नाव, वेट म्हणजे आर्थर एडवर्ड वेट, ज्याने चित्रं काढायला सांगितली तो. आणि ज्या बाईने सगळी ७८ चित्रं काढली, त्या पामेला कोलमन स्मिथचं नाव कित्येक वर्षं डब्यावर नव्हतंच. मोबदलाही फार थोडा मिळाला. पत्त्याच्या कोपऱ्यात बारीक वेलबुट्टीसारखी एक खूण दिसते, ती तिच्या नावाच्या आद्याक्षरांची. हिशेब लिहिणाऱ्या बाईची नजर आधी तिथेच जाणार.

हे पत्ते इजिप्तच्या पुरोहितांनी केले वगैरे कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. ते १७८१ साली कूर द जेबलँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने लिहिलं, आणि इजिप्तची चित्रलिपी वाचता आली ती १८२२ मध्ये. म्हणजे दस्तऐवज वाचण्याआधीच निकाल! पत्ते जन्मले १५ व्या शतकात, उत्तर इटलीत, श्रीमंतांच्या घरी डाव खेळायला. त्यांवरून भविष्य सांगायचं फॅड त्यानंतर तीनेकशे वर्षांनी आलं. म्हणजे मायचंच बरोबर होतं.

रेशमी कापड, चांदण्यात ठेवणं, स्वतः विकत घेऊ नये, कोणीतरी भेटच द्यावा, यातलं काही पाळायची गरज नाही. माझे पत्ते श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात असतात. उलटे निघालेले पत्ते सरळ करून घ्या. उलट्याचे वेगळे अर्थ असतात म्हणे, पण सरळ बघायला शिकेपर्यंत त्या भानगडीत पडू नका. आणि कॅटाबरोबर येणारी अर्थांची पुस्तिका पहिला महिना कपाटात, साड्यांच्या खाली.

पहिल्या दिवशी: २२ मोठे उघडे मांडा

कार्ल युंग (१८७५–१९६१) हा स्वित्झर्लंडचा मनोविकारतज्ज्ञ. त्याचं म्हणणं असं, की माणसांच्या कथांत, स्वप्नांत, दैवतांत काही आकृत्या पुन्हा पुन्हा येतात: आई, म्हातारा ज्ञानी, वीर, लबाड, सावली. यांना तो आर्किटाइप म्हणाला, मराठीत आदिबंध. टॅरोची पद्धत त्याने काढलेली नाही, लोकांनी मागाहून त्याचे आदिबंध या २२ पत्त्यांना जोडले. जोड बरी बसते, एवढं खरं.

पण इटलीचे राजे नि पोप आपल्याला काय सांगणार? म्हणून माझी पहिली सूचना ही, की प्रत्येक मोठ्या पत्त्यासमोर आपल्या गावातलं माणूस उभं करा. हर्मिट म्हणजे रात्री हातात कंदील घेऊन एकटा उभा असलेला म्हातारा. मी पाहिला तो थेट आमच्या अमळनेरचा पिंगळा, भविष्य सांगत भिक्षा मागणारा. पहाटे, अजून तांबडं फुटायचं असताना, कंदील घेऊन दारात यायचा; आम्ही पोरं गोधडीतून ऐकायचो, कोणी बाहेर जायचं नाही. 'सामर्थ्य' या पत्त्यावर एक बाई शांतपणे सिंहाचा जबडा मिटतेय. ती मला मुक्ताई वाटते. चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन निघाले, आणि त्यांचं कोरं पत्र बघून ही एवढीशी पोर म्हणाली की चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला. दोघांचीही देवळं आमच्याकडेच, मुक्ताईनगर तालुक्यात. चांगदेवाचं तापी-पूर्णेच्या संगमावर. युंग ज्याला मुखवटा म्हणतो तो समजायला बहुरूपी आठवा. सकाळी पोलीस होऊन दुकानदाराला दम देतो, दुपारी साधू होऊन त्याच्याच बायकोकडून पीठ घेतो. आपण ऑफिसात, सासरी, बहिणीशी फोनवर वेगळं काय करतो?

शून्य क्रमांकाचा पत्ता म्हणजे भोळा. कड्याच्या टोकावर उभा आहे, वर बघतोय, पायाशी कुत्रं उड्या मारतंय. इंग्रजीत याला 'फूल' म्हणतात. माझ्या मैत्रिणीने दोन दिवस त्यात पुष्प शोधलं. तसं त्याच्या हातात पांढरा गुलाब आहेच, तेव्हा तिचं तरी काय चुकलं.

आता कृती. बावीसही पत्ते चादरीवर उघडे मांडा. फार विचार न करता एक आवडलेला उचला, एक न आवडलेला. आवडलेल्याबद्दल दोन ओळी लिहा आणि बाजूला ठेवा, त्यात फार दम नसतो. न आवडलेल्यावर अर्धा तास द्या.

मी उचललेला नावडता पत्ता महाराणीचा होता. बाई लोडाला टेकून आरामात बसलीय. डोक्यावर बारा ताऱ्यांचा मुकुट, अंगात डाळिंबाच्या नक्षीचा घोळदार झगा, मागे झाडं, पाणी. आणि पुढ्यात गहू, पिकून उभा. मी वहीत लिहिलं: "गहू काढणीला आलाय आणि ही बसलीय!" लिहिताना खरोखर राग आला होता. मग स्वतःलाच विचारलं, हा राग कोणावर? छापील बाईवर कोणी एवढं चिडत नाही. हळूहळू आठवत गेलं. माझी जाऊ दुपारी जेवण झालं की अर्धा तास आडवी होते, आणि मी भांड्यांचा आवाज जरा जास्तच करते. मी कधी दुपारी पडले, तर दाराची कडी वाजताच उठून केस नीट करते, जणू चोरी पकडली गेली. गेल्या कित्येक वर्षांत मी कशाला टेकून बसलेली मला आठवेना. जी गोष्ट आपण स्वतःला करू देत नाही ती दुसऱ्यात दिसली की खुपते. युंगच्या 'सावली'चा अर्थ मला त्या दिवशी कळला, भांड्यांच्या आवाजातून. पत्त्याने काय सांगितलं? काही नाही. तो नुसता बसला होता.

प्रश्न कसा विचारायचा

"होईल का?" "मिळेल का?" "त्याच्या मनात काय आहे?" हे तीन प्रकार बंद. पहिल्या दोघांचं उत्तर कोणाला माहीत नाही, आणि तिसऱ्याचं ज्याला माहीत आहे त्यालाच जाऊन विचारावं. प्रश्नात 'मी' हवा आणि 'काय' किंवा 'कशाने' हवं. "मुलाला नोकरी लागेल का" याऐवजी "मुलाच्या नोकरीचा विषय निघाला की मी कशाने घाबरते". "प्लॉट विकावा का" याऐवजी "प्लॉट विकायचं म्हटलं की मी काय बघायचं टाळते". प्रश्न कागदावर लिहा. तोंडी प्रश्न पत्ता बघितल्यावर हळूच बदलतो, मी स्वतः तो बदललेला आहे.

बघणं

सगळं काम इथे आहे. पत्ते पिसा, एक काढा, आणि पाच मिनिटं फक्त वर्णन लिहा, जसं फोनवर कोणाला तरी सांगताय आणि त्याला चित्र दिसत नाही. अर्थ लावायचा नाही. 'दुःखी बाई' लिहायचं नाही. 'मान खाली, हात गुडघ्यावर' लिहायचं. डोळ्यांना दिसतं तेवढंच.

माझं उदाहरण देते. धाकट्या दिराने बोअरसाठी दोन लाख मागितले होते. मी पहिला प्रश्न लिहिला, "पैसे परत मिळतील का?" माझाच नियम मोडला म्हणून खोडला. दुसरा लिहिला: "पैसे द्यायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा का येतो?" पत्ता निघाला नाण्यांचा छक्का. एक श्रीमंत व्यापारी उभा आहे, लाल झगा, एका हातात तराजू. दुसऱ्या हाताने नाणी सोडतोय. पायाशी दोन गरजू गुडघे टेकून बसलेत. मी डाळ मिलमधली, माझी नजर आधी तराजूवर जायला हवी होती. गेली ती दुसऱ्या माणसाकडे. नाणी एकाच्या हातात पडताहेत, दुसऱ्याचे हात नुसते पुढे. वर्णनात मी त्याच्याबद्दल चार ओळी लिहिल्या आणि व्यापाऱ्याबद्दल अर्धी.

पाच मिनिटांनी मागे वाचलं तेव्हा मला ते दिसलं. मला पैसे बुडायची भीती नव्हतीच. सहा वर्षांपूर्वी मुलीच्या इंजिनीअरिंगच्या फीला आम्ही अडलो होतो, यावलला सासरी सगळ्यांना माहीत होतं, आणि एकानेही "लागतात का" म्हणून विचारलं नाही. मी माझी पाटली मोडली. चित्रातला दुसरा माणूस मी होते, आणि आता मला तराजू धरायला सांगत होते. हे नवऱ्याशी बोलले. भांडण झालं, मग बोलणं झालं. शेवटी एक लाख दिले, कागद करून. पत्ता न काढताही कदाचित एवढंच केलं असतं, पण मनात कढत कढत केलं असतं.

त्याच चित्रावर आमच्या मिलमधल्या एकीने फक्त तराजूचं वर्णन केलं, आणि थकलेल्या बोनसपर्यंत जाऊन पोचली. म्हणून पुस्तिका साड्यांखाली.

पाच मिनिटांनंतर तीन प्रश्न स्वतःला घाला: या चित्रात मी कोण आहे? कोण असायला मला आवडलं असतं? आणि चित्राच्या चौकटीबाहेर, डावीकडे उजवीकडे, काय चाललं असेल? तिसरा प्रश्न पोरखेळ वाटतो, पण माझ्या वहीतल्या सर्वांत कामाच्या ओळी त्यातून आल्यात.

घाबरवणाऱ्या पत्त्यांबद्दल दोन शब्द. १३ नंबरवर चिलखत घातलेला सांगाडा पांढऱ्या घोड्यावर आहे. नाव मृत्यू. निघाला की लोकांच्या हाताला घाम सुटतो. माझं सासर केळीवाल्यांचं. केळीचं झाड एकदाच घड देतं. घड उतरवला की ते झाड कापायचं, आणि बुंध्याशी राखलेलं पील वाढवायचं, त्याला पिलबाग म्हणतात. कापलेल्या झाडाजवळ उभं राहून कोणी रडत नाही, पण कापायचं विसरून चालत नाही. पत्त्यावर मागे दोन बुरुजांमध्ये सूर्य आहे, तो पुष्कळांना दिसतच नाही. हा पत्ता निघाला तर लिहा: माझ्या घरात घड उतरवून झालेलं कोणतं झाड मी अजून उभं ठेवलंय?

तीन पत्ते, महिन्यातून एकदा

रोज एकच. अमावास्या-पौर्णिमा नको, पगार झाल्यानंतरचा रविवार बरा. तेव्हा तीन काढा. भूत-वर्तमान-भविष्य अशी मांडणी पुस्तिकांत असते, ती सोडा. डावीकडचा पत्ता: मी लोकांना काय दाखवते. मधला: काय झाकते. उजवीकडचा: या आठवड्यात एक लहानसं काय करू शकते. लहानसं म्हणजे फोन करणं, बँकेत जाणं, एकदा नाही म्हणणं. "आयुष्य बदलणं" हे लहानसं नव्हे.

आतला आवाज की नुसतीच भीती

आमच्याकडे तूर उतरते तेव्हा एक म्हातारे हमाल पोत्यात हात घालतात, दाणा काढून दाताखाली धरतात आणि म्हणतात, "ओल शे." मग मशीन लावतो, आणि मशीनही बहुतेक वेळा त्यांच्याच बाजूचं निघतं. त्यांना विचारलं कसं कळतं, तर खांदे उडवतात. पन्नास वर्षांत किती दाणे फोडले असतील! अंतःप्रेरणा म्हणतात ती ही. आधी पुष्कळ बघितलेलं असतं, उत्तर तयार असतं, फक्त पायऱ्या सांगता येत नाहीत. लहानपणी गुलाबाईच्या, म्हणजे आमच्याकडच्या भोंडल्याच्या, वेळी आम्ही खाऊचा डबा हलवून आवाजावरून खाऊ ओळखायचो. शेंगदाणे वेगळे वाजतात, चिवडा वेगळा, आणि काही वाजलं नाही तर पेढा नाहीतर शिरा. मी पटकन ओळखायचे, कारण कोणाच्या घरात काय करतात ते माहीत होतं.

तेव्हा ज्या गोष्टीत तुम्ही दाणे फोडलेले नाहीत, तिथे तुमच्या आतल्या आवाजाला फार भाव देऊ नका. शेअर बाजारात माझ्या आवाजाला काडीची किंमत नाही. पार्टीच्या, म्हणजे मिलशी व्यवहार करणाऱ्या व्यापाऱ्याच्या, बिलात आहे.

हे मला वहीमुळे कळलं. वही अशी आखा: तारीख, प्रश्न, पत्ता, नजर आधी कुठे गेली, काय सुचलं ते एका ओळीत, अंगात कुठे जाणवलं. आणि उजवीकडे एक रिकामा रकाना: पुढे काय झालं. पेनाने लिहा. पेन्सिलने लिहून मागाहून सुधारलं तर ताळ्याला अर्थ राहत नाही. महिना झाला की रिकामा रकाना भरायला बसा.

माझ्या पहिल्या तीन महिन्यांत "मुलाचं काहीतरी बिनसलंय, मन सांगतंय" अशा अकरा नोंदी निघाल्या. अकराच्या अकरा वेळा तो पुण्यात सुखरूप होता. झोपला होता, शिफ्टवर होता, फोन चार्जिंगला होता. आणि एक नोंद होती, "त्या पार्टीची वजनाची पावती परत बघ." एवढीच ओळ. अंगात कुठे, तर कुठेच नाही. पावती आणि बिल यांत तीन क्विंटलचा फरक निघाला. नोंदी शेजारी शेजारी ठेवल्यावर माझ्यापुरता नमुना दिसला: भीती मोठी गोष्ट रचून सांगते, पोटात कालवते, दहा मिनिटांनी पुन्हा येते. खरी जाणीव एकदाच, कोरड्या आवाजात बोलते, आणि तुम्ही ऐकलं नाही तर रुसत नाही. तुमचा नमुना वेगळा असू शकतो, तो तुमच्या रकान्यातून काढा.

फसायचं नसेल तर

१९४८ मध्ये बर्ट्राम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांना प्रत्येकाचं म्हणून स्वभाववर्णन दिलं आणि ते किती जुळतं याला ५ पैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी ४.२६ आली. मग कळलं, सगळ्यांना एकच कागद दिला होता, आणि वाक्यं ज्योतिषाच्या एका बाजारू पुस्तकातून उचललेली. मी टॅरोच्या पुस्तिकेतला एक परिच्छेद डब्याच्या वेळी तिघींना वाचून दाखवला. तिघीही म्हणाल्या, "अगं, हे माझंच!" तेव्हापासून मी एक चाळणी लावते. पत्त्यावरून काही सुचलं की कॅटातून दुसरा कुठलाही पत्ता काढून तेच वाक्य त्याला लावून बघते. दोन्हीला सारखंच लागू पडलं तर ते वाक्य हवेतलं, वहीत घेत नाही. "मला बदलाची गरज आहे" हे ७८ च्या ७८ पत्त्यांना बसतं.

दुसऱ्याकडून पत्ते वाचून घेण्याचा अनुभव मी घेतलाय. २१०० रुपये दिले. 'मनोरा' निघाला: बुरुजावर वीज कोसळलीय, दोन माणसं खाली पडताहेत. बाई म्हणाल्या, प्लॉटचा व्यवहार करू नका, आणि एक खडा घ्यायला सांगितला, त्याचे पैसे वेगळे. तीन महिने मी रात्री बुरूज बघत होते. चित्रात तुम्हाला काय दिसतं, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. खडा घेतला नाही, तेवढा हिशेब माझा पक्का आहे.

आणि काही ठिकाणी पत्ते काढूच नयेत. आजारपणात डॉक्टर, कोर्टात वकील. एकाच प्रश्नाला मनासारखं येईपर्यंत पत्ते काढत बसलात, झोप उडाली, तर डबा बंद करून कोणाशी तरी बोला; सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर फुकट आहे.

मायची नोंद

माय गुडघ्याच्या ऑपरेशननंतर माझ्याकडे आहे. एका दुपारी, बाहेर ४४ अंश, कूलरचं पाणी संपलेलं, तिने स्वतःच हात पुढे करून एक पत्ता ओढला. तारका. एक बाई तळ्याकाठी गुडघा टेकून बसलीय, दोन्ही हातांत घडे, एकातलं पाणी तळ्यात ओततेय, दुसऱ्यातलं जमिनीवर. माझी पुस्तिका सांगते आशा, शांती, वगैरे. मायने पत्ता डोळ्यांपासून लांब धरला आणि म्हणाली, "पानी वाया घाली ऱ्हायनी." मग बराच वेळ गप्प. मग सांगायला लागली, की लग्नाच्या पहिल्या वर्षी दुष्काळात ती विहिरीवरून दोन हंडे आणताना ठेचकाळली आणि एक हंडा सांडला, आणि सासूने त्या दिवशी तिला आंघोळीला पाणी दिलं नाही. अठ्ठेचाळीस वर्षांत तिने हे मला सांगितलं नव्हतं. मी विचारलं, चित्रात तू कोण? ती म्हणाली, जमीन. मी ते तसंच वहीत लिहिलं, तिच्या नावाचं वेगळं पान करून. त्यावर मी काही बोलले नाही. तुमच्यासमोर कोणी असं काही काढलं तर तुम्हीही बोलू नका, पाणी द्या.

महिनाभर रोज एक पत्ता, शेवटी एकदा ताळा. त्यात काहीच हाती लागलं नाही, रिकामा रकाना रिकामाच राहिला, तर पैसे वाया गेले असं समजू नका. २२ मोठे पत्ते बाजूला काढा, चार घोडेस्वार काढा. उरले ५२. कप म्हणजे बदाम, तलवारी म्हणजे इस्पिक. आखाजीला आम्ही त्यावर मेंढीकोट खेळलो. माझ्या जोडीला जाऊ होती, मायच्या जोडीला भाची, आणि चारही दश्श्या मायने नेल्या.